खापरपणजोबांचा फेरफार

श्राद्धाला बसलं की गुरुजी वडिलांचं, आजोबांचं आणि पणजोबांचं नाव विचारतात. पणजोबांपाशी निम्मे यजमान अडखळतात. त्यापलीकडचं नाव विचारायचा प्रघातच नाही, म्हणून अब्रू राहते. एरवी घराण्याचा विषय निघाला की उत्तर तयार असतं: आपण मूळचे राजस्थानातले, नाहीतर आपले पूर्वज पानिपतावरून परतलेले सरदार. कागद मागितला की "आमचे आजोबा सांगायचे" इथे गाडी अडते.

कागद मात्र असतो. बहुतेक शेतकरी घरांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा, आणि नशीब असेल तर त्याहून जुना कागद तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात आणि मोजणी ऑफिसात, फडक्यात बांधून ठेवलेला असतो. तो वंशावळ म्हणून कुणी लिहिलेला नाही. सरकारला आपल्या खापरपणजोबांत काडीचाही रस नव्हता. त्यांच्या शेतावर सारा किती आणि तो भरणार कोण, एवढ्याशीच त्याला मतलब. खातेदार मेला की सारा भरणारा बदलतो. म्हणून मेलेल्याचं नाव, तो कुणाचा मुलगा आणि त्याच्या मागे कोण राहिलं, हे लिहून ठेवणं भाग पडलं. खेड्यातल्या माणसाचा माग काढायचा तर आधी त्याच्या वावराचा माग काढावा लागतो तो यामुळे.

अमेरिकेतल्या खेड्यातल्या माणसाला हा वळसा घ्यावा लागत नाही. तिथल्या जनगणनेचे घरोघरचे मूळ तक्ते ७२ वर्षांनी लोकांना खुले होतात. १९५० सालचे तक्ते एप्रिल २०२२मध्ये खुले झाले. नवरा, बायको, मुलं, वयं, धंदा, सगळं एका ओळीखाली एक. आपल्याकडे १९४८च्या जनगणना कायद्याने व्यक्तीची माहिती गोपनीय ठेवली आहे आणि लोकांपुढे येतात त्या फक्त बेरजा. १९०१च्या जनगणनेत आपले पणजोबा मोजले गेले असतील, पण आज ते त्या बेरजेतला एक आकडा आहेत.

या जमिनीच्या कागदांचा उगम पाहायचा तर पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्याकडे जावं लागतं. पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारच्या प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची पाहणी केली. प्रत्येक जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढून त्यावर आकारणी करायची, असा त्याचा बेत. कागदावर हिशेब नेटका होता, पण बांधावर उभं राहून आकडे भरणाऱ्या हाताखालच्या लोकांनी पैसे खाल्ले, आकारणी पेलेनाशी झाली आणि रयतेने जमिनी टाकल्या. मग १८३५मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन अधिकारी इंदापुरात नव्याने मोजणीला बसले. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. एका बैलजोडीला वाहता येईल अशा बेताने पाडलेल्या तुकड्याला एक सर्व्हे नंबर. मातीची प्रत पाहून आकार, आणि तो तीस वर्षं वाढायचा नाही. १८४७च्या जॉइंट रिपोर्टने ही पद्धत घोटीव केली आणि ती मुंबई इलाखाभर गेली. आपल्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट एकच: जमिनीच्या तुकड्याला नंबर मिळाला आणि नंबरासमोर माणसाचं नाव आलं. माणसं येतात-जातात, नंबर जागचा हलत नाही. निदान शंभरेक वर्षं तरी हलला नाही.

मात्र मोजणीच्या कागदांत असायचा तो सारा भरणारा. जमीन खरोखर कुणाच्या ताब्यात आहे, भाऊ किती, गहाण कुणाकडे, याची नीट नोंद व्हायला १९०३ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी हक्कनोंदणीचा कायदा झाला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत गावोगाव हक्काची पत्रकं आणि फेरफाराच्या वह्या उघडल्या गेल्या. अँडरसन नावाच्या अधिकाऱ्याने गावच्या हिशेबांचे जे नमुने बसवले, ते महसूल खात्यात आजही अँडरसन मॅन्युअलच्या नावाने ओळखले जातात. सहा नंबरचा नमुना फेरफाराचा, सहा-क वारसांचा, सात अधिकाराचा, बारा पिकांचा, आठ-अ खात्याचा.

शोध सुरू करायचा तो आजच्या सातबाऱ्यापासून, आणि चालायचं उलट्या पावली. नावांजवळ फेरफारांचे आकडे असतात. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर गेलेल्या माणसाच्या नावाला कंस केलेला असतो, आणि तो कंस ज्या फेरफाराने पडला त्याचा नंबर शेजारी. तो फेरफार काढला की त्यात आधीच्या खातेदाराचं नाव मिळतं, आणि त्या खातेदाराचं नाव ज्या फेरफाराने लागलं तो आणखी मागे असतो. मध्येच वाट तुटल्यासारखी वाटते, कारण आज जो गट नंबर आहे तो पूर्वी नव्हताच. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७चा. त्याखाली ज्या गावांत योजना लागू झाली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कुठल्या जुन्या नंबराचा कुठला गट झाला, हे एकत्रीकरणाच्या पत्रकातून कळतं, आणि ते मोजणी ऑफिसात, म्हणजे भूमी अभिलेखाच्या उपअधीक्षकांकडे मिळतं. तिथेच आकारफोड, कमी-जास्त पत्रक, मोजणीची टिपणं आणि गुणाकार बुकं असतात. वारसाच्या शोधात गुणाकार बुकाचा उपयोग थोडा. पण भावांनी वाटणी करून पोटहिस्से पाडले असतील तर कुणाच्या वाट्याला कुठला तुकडा गेला, ते या कागदांवरून उलगडतं.

खरा ऐवज वारसाच्या फेरफारात. एक नमुना पाहू. नावं कल्पित आहेत, साचा नेहमीचा.

"खातेदार राणू बिन सखाराम हा शके १८७९ ज्येष्ठ मासी मयत. वारस मुलगे सखाराम वय ३४, बाबू वय २९, धोंडी वय १५ अ.पा.क. आई, विधवा गंगूबाई, मुलगी चंद्रभागा कोम दगडू राहणार मौजे अमुक. वर्दीवरून नोंद केली. ता. ११-३-१९६१." खाली सर्कलची सही आणि "नोंद मंजूर".

चार ओळींचा मजकूर (बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको), पण सावकाश वाचला तर घर उभं राहतं. शके १८७९ म्हणजे इसवी १९५७. माणूस १९५७ला गेला आणि नोंद झाली १९६१ला. कायद्याने वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते, पण गावात कुणी नुसत्या कायद्यासाठी चावडीची पायरी चढत नाही. चार वर्षांनी नोंद झाली याचा अर्थ तेव्हा काहीतरी अडलं: सोसायटीचं कर्ज काढायचं होतं, विहिरीसाठी तगाई हवी होती, भावाभावांत वाटणी निघाली होती, किंवा कूळकायद्याचं प्रकरण उभं राहिलं होतं. पुढचे दोन-तीन फेरफार वाचले की कारण बहुतेक वेळा सापडतंच. इतर हक्कांत सोसायटीचा बोजा चढलेला दिसला की समजावं.

मग वयं. ती तलाठ्याने अंदाजाने टाकलेली असतात, तरी अंतर खोटं नसतं. थोरला सखाराम १९६१ला चौतीस, म्हणजे जन्म १९२७च्या सुमाराचा. त्याला आजोबांचं नाव ठेवलं आहे, म्हणजे आजोबा सखाराम बहुधा तोवर गेलेले होते. हयात वडीलधाऱ्याचं नाव घरात पोराला ठेवून हाक मारायची कशी? तेव्हा आजोबा सखारामाचा वारसफेरफार १९२७च्या आधीच्या वहीत शोधायचा. इथे एक सावधगिरी हवी. नातवाला आजोबांचं नाव ठेवायच्या चालीमुळे राणू सखाराम, सखाराम राणू, पुन्हा राणू सखाराम अशी पाळी लागते, आणि पन्नास वर्षांच्या अंतराने झालेली दोन माणसं कागदावर एक होऊन बसतात. दोघांत भेद करायला सर्व्हे नंबर आणि भावांची नावं कामी येतात.

बाबू आणि धोंडी यांच्यात चौदा वर्षांचं अंतर आहे. मधल्या काळात मुली झाल्या असतील, दुसरं लग्न झालं असेल. पण पोराचं नाव धोंडी ठेवलं आहे. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला धोंडू, दगडू, केरू असं नाव ठेवायची आपल्याकडची रीत. दृष्ट लागू नये, मृत्यूने ओलांडून पुढे जावं, हा हेतू. म्हणजे १९३२ ते १९४६च्या दरम्यान या घरात एक-दोन पाळणे रिकामे झाले असण्याचा संभव आहे, आणि तो तपासायला कागद आहे: गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन करणार. धाकटा सज्ञान नव्हता, म्हणून आईचं नाव पालक म्हणून आलं. हेच थोरल्या भावाच्या नावामागे ए.कु.मॅ. असं असतं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि त्याच्या एकट्याच्या नावामागे चार भाऊ दडलेले असू शकतात. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे माणूस नव्हता, असा निष्कर्ष काढायची घाई या तीन अक्षरांपायी अंगाशी येते.

जन्म-मृत्यूची जुनी वही म्हणजे गाव नमुना चौदा. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. जन्माच्या पानावर पोराचं नाव बहुधा नसतंच, कारण नोंद बारशाआधीची: बापाचं नाव, जात, तारीख, "मुलगा" किंवा "मुलगी". मृत्यूच्या पानावर नाव, वय आणि कारण. कारणांचा कोश फार मोठा नाही: ताप, पटकी, देवी, गाठ, खोकला. १९१८च्या पावसाळ्यानंतरची पानं उघडली की मानमोडीची साथ दिसते. एरवी महिन्याकाठी दोन-चार नोंदी असलेल्या वहीत एकाच घराची तीन-तीन नावं लागोपाठ येतात. मुंबई इलाख्यात त्या साथीने दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. ज्या घराच्या वंशावळीत १९१८-१९च्या सुमारास एक फांदी अचानक थांबते, त्यांनी ही पानं आधी पाहावीत.

अलीकडे या वह्यांना अचानक भाव आला आहे. सप्टेंबर २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभरच्या कचेऱ्यांतले कागद उलटेपालटे झाले. कोतवाल बुक, मोडी वाचणारा, खासरा हे शब्द त्यानंतर चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागले. तसं पाहिलं तर त्याआधीही खेड्यातल्या माणसाला पूर्वजांची आठवण यायची ती जात पडताळणीच्या वेळी. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो. मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा म्हणून बाप आपल्या चुलत आजोबांचा शाळेचा दाखला हुडकत फिरतो. आपल्याकडे घराण्याचा इतिहास ही फावल्या वेळची हौस कमी आणि गरज जास्त आहे, आणि त्याचा परिणाम शोधावरही होतो. माणूस एकच रकाना पाहतो आणि वही मिटतो. शेजारच्या ओळीत पणजीचं माहेर लिहिलेलं असतं, ते राहून जातं.

शाळेच्या जनरल रजिस्टरचंही तसंच. त्यातली जात सगळे पाहतात. पण दाखल झाल्याची तारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याचं कारण यांत खरी गोष्ट असते. जन्मतारखेवर मात्र विसंबू नये. जुन्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळा जूनमध्ये उघडायची, बापाला तारीख सांगता यायची नाही आणि गुरुजींना रकाना भरायचा असायचा. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्यामुळे तिथल्या गावांत एरवी शाळेचं तोंड न पाहिलेल्या घरांची मुलंही त्या सुमाराच्या रजिस्टरांत सापडण्याची आशा असते.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीतली खरेदीखतं, गहाणखतं, दत्तकपत्रं, वाटणीपत्रं हा निराळा खजिना. आजही गावचा माणूस इंडेक्स टू काढून आणतो. जुन्या खताचा सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे चतुःसीमा: पूर्वेस अमक्याचं शेत, दक्षिणेस तमक्याचं, पश्चिमेस ओढा, उत्तरेस गाडीवाट. वाटणी झालेले भाऊ एकमेकांच्या बांधाला लागून असतात. तेव्हा चारातल्या दोन सीमांवर जी नावं येतात, ती बरेचदा चुलत्यांची आणि चुलतभावांची. आडनाव न लिहिलेल्या काळात भाऊबंदकीचा इतका सरळ पुरावा दुसरीकडे मिळणं कठीण. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) या चार जिल्ह्यांतल्या लोकांना आणखी एक फायदा आहे. १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांत घुसून कर्जरोखे जाळले. दख्खनच्या दंग्यांची ती सुरुवात. त्यानंतर १८७९ला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला आणि त्याने शेतकऱ्याचे रोखे गावच्या निबंधकासमोर नोंदवायला लावले. एका वर्षी कागद जाळले गेले आणि त्यापायीच पुढे कागद वाढले.

हे सगळं मुंबई इलाख्यापुरतं झालं. महाराष्ट्रातला प्रत्येक तालुका एका छापाचा नाही. मराठवाड्यात १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाचं राज्य, दफ्तर उर्दूत, साल फसली. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन अंदाजे येतो. १३५९ फसली म्हणजे १९४९-५०. तिथे १९५४-५५चं खासरा पत्रक हा शोधाचा मोठा टप्पा, त्यामागे जायला उर्दू वाचणारा हवा. पूर्व विदर्भात मालगुजारी होती, म्हणून तिथे बंदोबस्ताच्या मिसली पाहायच्या. कोकणात मध्ये खोत बसलेला. १९४९च्या कायद्याने खोती जाईपर्यंत कुळाचं नाव खोताच्या बोटखतात असलं तर असायचं. फलटण, औंध, भोर, जत ही संस्थानं १९४८मध्ये विलीन झाली, त्यामुळे त्यांच्या गावांचा जुना कागद आजच्या तालुक्यात असेलच असं नाही. जिल्हे फुटले त्याचाही घोळ आहे. सिंधुदुर्ग आणि जालना १९८१चे, लातूर आणि गडचिरोली १९८२चे, पालघर २०१४चा. आजचा पत्ता घेऊन गेलं की कारकून सांगतो, "तुमचं रेकॉर्ड जुन्या जिल्ह्याला." गाव बुद्रुक की खुर्द, हेही आधी पक्कं करून घ्यावं, एका नावाची दोन गावं शेजारी नांदतात आणि दोन्हीकडे एकाच आडनावाची घरं असतात. गावच पाण्याखाली गेलं असलं तरी फार घाबरू नये. उजनी धरणाने भीमेकाठच्या इंदापूर, करमाळा भागातली गावं उठवली, पण गाव बुडालं म्हणून त्याचं दफ्तर बुडत नाही. माणसं मात्र पुनर्वसनात लांब विखुरलेली असतात.

मोडीची भीती लोकांना अवास्तव वाटते. महसुली कागदाची भाषा ठरीव असते, तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात. बिन, वलद, कोम, मौजे, परगणे, सारा, बाकी एवढे शब्द ओळखता आले आणि आकडे वाचता आले की निम्मं काम होतं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत फारसा पाळला जात नाही आणि शब्द तोडून लिहिलेले नसतात, त्यामुळे नाव वाचताना घोटाळा होतो; तिथे जाणकार गाठावा. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल आहेत. त्यांत आपलं नाव सापडेल ही आशा सामान्य कुणब्याने बेताचीच ठेवावी. कुळझाड्यांत रयतेची नावं असतात, पण त्या नावापासून आजच्या घरापर्यंत दुवा जोडणं अवघड. ज्यांच्याकडे वतन होतं त्यांचं वेगळं. पाटीलकीवरून, कुळकर्णावरून, जोशीपणावरून भांडणं झाली, महजर म्हणजे गावसभेचे निवाडे झाले, आणि त्यांत वादी-प्रतिवादींनी पिढ्यांचा पाढा वाचला. खाली गावकऱ्यांची नावं, बलुतेदारांची नावं, पाटलाची नांगराची निशाणी. मात्र ती वंशावळ हक्क सांगायला लिहिलेली असते. भांडणात माणूस आपल्याला सोयीचे आजोबा सांगतो, तेव्हा विरुद्ध बाजूची वंशावळही वाचल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

जमिनीमागे जायची ही वाट जमीन नसलेल्याला कुठे नेते? गावकामगार महारांची वतनी जमीन वतनाच्या दफ्तरात आहे. १८७४चा वतन कायदा, त्यात दुरुस्ती व्हावी म्हणून १९२८मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेलं विधेयक, आणि १९५८च्या कायद्याने कनिष्ठ वतनं गेली तेव्हाचे फेरफार. ही वतनं सबंध भावकीच्या नावाने असायची, म्हणून काही गावांत महारवाड्याची सगळी घरं एका फेरफारात भेटतात. भटक्या जमातींचा कागद फार क्रूर आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांची नावं पोलिसांच्या हजेरीपटावर चढवली. कायदा १९५२ला गेला. ज्यांना सरकारने घर-शेत दिलं नाही त्यांच्या आजोबांचा पत्ता सरकारी कागदात लागला तर तो आरोपी म्हणूनच, याला काय म्हणायचं? लढाईवर गेलेल्यांचा माग थोडा बरा लागतो. बऱ्याच गावांत पहिल्या महायुद्धावर किती जण गेले आणि किती परतले नाहीत, हे सांगणारी संगमरवरी पाटी आहे, आणि कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत मेलेल्या शिपायाच्या नावापुढे काही वेळा बापाचं नाव, गाव आणि तालुका मिळतो. मॉरिशसला गिरमिटावर गेलेल्या मराठी मजुरांची नावं तिथल्या मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. तिकडची नातवंडं रत्नागिरीचं एखादं वेडंवाकडं स्पेलिंग घेऊन आपलं गाव हुडकतात.

सरकारबाहेरचा कागद राखला तो तीर्थोपाध्यांनी आणि हेळव्यांनी. नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर, काशी, गया इथल्या उपाध्यांच्या वह्या गाव आणि जात धरून लावलेल्या असतात. गाव सांगितलं की उपाध्ये ठरतात, उपाध्यांकडे वही असते, वहीत कधी कोण आलं होतं ते असतं, पुष्कळदा येणाऱ्याच्याच हातचं. हरिद्वार आणि कुरुक्षेत्राच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रं अमेरिकेतल्या यूटाच्या वंशशास्त्र संस्थेने घेऊन ठेवली आहेत. सांगली, कोल्हापूर, सोलापूर भागात हेळवी सुगीनंतर बैलासह दारात येतो, घराच्या पिढ्या म्हणून दाखवतो, वर्षभरातली नवी पोरं लिहून घेतो आणि धान्य घेऊन पुढच्या घरी जातो. त्याच्याकडची वंशावळ फार मागे जाते, आणि फार मागच्या भागात ती देवादिकांपर्यंतही पोचते. तिथवरचं कौतुकाने ऐकावं. अलीकडच्या सात-आठ पिढ्या फेरफाराशी ताडून पाहाव्यात. दोन्ही जुळले तर पुरावा पक्का.

उपाध्यांच्या वहीचं एक वैशिष्ट्य महसुलाच्या कागदात नाही. श्राद्धात आई, आजी, पणजी आणि आईचे वडील, आजोबाही लागतात, म्हणून ती नावं वहीत येतात. फेरफारात बाई सापडते ती विधवा झाल्यावर. सून म्हणून आली, पाच मुलं झाली, चाळीस वर्षं त्याच शेतात राबली, तरी नवरा जिवंत आहे तोवर तिचा कागद नाही. माहेरच्या गावात तर तिचा मागमूसही नसायचा. १७ जून १९५६ला हिंदू वारसा कायदा आला आणि मुलीही वारस झाल्या. त्यानंतरच्या वारसफेरफारांत लेकींची नावं दिसू लागली, नवऱ्याच्या नावासकट, सासरच्या गावासकट. सगळ्याच तलाठ्यांनी ती लावली असं नाही. पुष्कळ गावांत "मुलगे हेच वारस" ही जुनी लकब पुढे बरीच वर्षं चालली.

ज्यांनी लावली, त्या वह्यांत त्यापुढचाच फेरफार पाहावा. तो बहुधा हक्कसोडीचा असतो: अमुक-अमुक बहिणींनी आपला हक्क भावांच्या लाभात सोडला, नावं कमी केली. मोबदला निरंक. २००५च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, तेव्हापासून बहिणी सही करायला पूर्वीइतक्या सहज येत नाहीत, आणि बांधाबांधावर त्याची चर्चा आहे. पण वंशावळ शोधणाऱ्याच्या कामाचे आहेत ते हे दोन लागोपाठचे फेरफार. पहिल्यात सबंध घर हजर असतं, सगळ्या लेकी आणि त्यांची सासरची गावं धरून. दुसऱ्यात लेकी निघून गेलेल्या असतात. पणजीचं माहेर कळलं असेल तर त्या गावच्या १९५६नंतरच्या फेरफारांची नक्कल आधी मागावी. तहसीलला साधा अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर एवढं लागतं. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन होऊन महाभूमीच्या आपले अभिलेख या सोयीवर घरबसल्या दिसतात. नाही दिसले तर तलाठ्याला, म्हणजे हल्लीच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, गाठावं. गावात त्याला अजून भाऊसाहेबच म्हणतात.